चौसष्टावं पान

आखाडातल्या बोकडाच्या मटणात वरून पाणी घालायचं नसतं. पावसाचा कोवळा पाला खाऊन खाऊन जनावर आतून ओलं झालेलं असतं. पातेलं मंद जाळावर ठेवायचं, वर झाकणीत पाणी ठेवायचं, की मटण आपलं आपणच पाझरतं. पौषातल्या बोकडाची गोष्ट वेगळी. तो भुसकट आणि वाळला चारा खाऊन चिवट झालेला. त्याला दोन तांबे पाणी लागतं, जोडीला बाजरीची भाकर लागते आणि खाणाऱ्याला दात लागतात. हे मला कुणी शिकवलं नाही. बावीस वर्षं दुकानात नवऱ्याशेजारी बसून, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून शिकले.

ओझरच्या पुढं, बाणगंगेच्या काठाला वाकेवाडी म्हणून गाव आहे. तिथं खाटकाचं एकच घर, आमचं. नवऱ्याचं नाव यादव. दुकान म्हणजे पुढं पत्र्याची पडवी, तिच्यात चिंचेचा ओंडका, वर तीन आकडे, आणि मागं आमची राहायची खोली. गावाला आम्ही सणाला आठवायचो. मला मात्र गाव रोज आठवायचं, कारण गावातलं कुणाचं काय चाललंय ते माझ्या ओंडक्याला आधी कळतं. नुसती कलेजी मागितली की त्या घरात सून अंगावरून जाते आहे नाहीतर पोटुशी आहे. म्हाताऱ्याचे दात पडले की खिमा सुरू. जावई आला की बरगडीच्या चापा. नेहमी किलो नेणाऱ्या घरानं अर्धा अर्धा करून दोन डब्यांत न्यायला सुरुवात केली की समजायचं, आत भिंत उठली.

गावात घरं मोजत नाहीत, चुली मोजतात. आखाडातल्या शेवटच्या मंगळवारी मरीआईला गावबोकड असतो. वर्गणीचे तीन बोकड कापायचे आणि चुलीमागं एक वाटा घालायचा. ज्याच्या हातून वाटे, त्याच्या दुकानी वर्षभर गाव. ही रीत कुठं लिहिलेली नाही, पण सासऱ्याच्या आज्यापासून चालत आलेली. वाट्याला काटा लागत नाही. प्रत्येक पानावर रानाचा, म्हणजे मांडीचा तुकडा, छातीचं हाड, नळीचा तुकडा, बोटभर कलेजी, थोडी वजडी, थोडी चरबी. हाताला कळतं तेवढं. आणि वाटा कुणी निवडायचा नाही. एक माणूस पाठमोरा बसतो, खाटीक एका पानाला हात लावून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा यादीतलं नाव घेतो. ज्याचं नाव आलं त्यानं ते पान उचलायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

दोन हजार पाच सालच्या वैशाखात यादवचं उजवं अंग गेलं. सकाळी सुरीला धार लावत होता, दगडावरून सुरी घसरली, आणि ती उचलायला गेला तर हात उचलेना. सिव्हिलमध्ये तीन आठवडे काढून घरी आणला. पाय थोडा सुधारला, जीभ सुधारली, हात नाही. तो हात मांडीवर ठेवून तो पडवीत बसायचा, दुसऱ्याचं सामान राखायला दिल्यासारखा.

मी सुरी हातात घेतली. बावीस वर्षं मी वजडी धुतली होती, पाये भाजले होते, खिमा केला होता. ओंडक्यापुढं बसायचं तेवढं राहिलं होतं. पहिल्या रविवारी लोक आले, पडवीत डोकावले.

"यादव नाय का?"

"हाय की. हा काय बसला."

"मंग येतो नंतर."

नंतर म्हणजे फाट्यावर. फाट्यावर गोटीरामनं चिकन सेंटर टाकलं होतं. अंबडची कंपनी बंद पडल्यावर आलेल्या पैशात त्यानं पिंजरे घेतले, आकडे लाल लाल दिसणारा काटा घेतला. माणूस वाईट नव्हता. मला वहिनी म्हणायचा आणि यादव दवाखान्यात असताना दोनदा येऊन गेला होता. पण धंदा धंद्याच्या जागी.

मी हटले नाही. पहिल्या महिन्यात सत्तूर दोनदा बोटावर बसला. हळद दाबली, चिंधी बांधली, पुढं कापलं. मनगट सुजायचं, संध्याकाळी यादव डाव्या हातानं त्याला तेल चोळायचा. चोळता चोळता शिकवायचा, "हाडाशी भांडू नको, नवसे. सांधा शोध. सांधा सापडला की सत्तूर लागत नाय." हे त्यानं संसाराबद्दल कधी सांगितलं असतं तर बावीस वर्षं बरी गेली असती.

हळूहळू बाया यायला लागल्या. पुरुषाकडं मागायला लाज वाटायची ते त्या माझ्याकडं मागत. बाळंतिणीला काय द्यायचं, पंडुरोगाला काय, सासू बघत नसताना कुठला तुकडा खाल्लेला बरा. ज्येष्ठ संपता संपता निम्मं गिऱ्हाईक परत आलं होतं.

त्यातच एकदा साधना आली. धोंडीराम अण्णांची धाकटी सून. अण्णा म्हणजे आमच्या गावचा न्याय. कुठल्या भावाभावांचं बिनसलं, की अण्णा जाऊन बसणार, दोघांना एका ताटात जेवायला लावणार आणि म्हणणार, "चूल फुटली की घर फुटलं." गेल्या सहा वर्षांत त्यांनी गावात एक चूल वाढू दिली नव्हती. यादीवर त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट.

साधना मागच्या दारानं आली. आमच्या मागच्या दाराला उकिरडा आणि निवडुंग. तिकडून कुत्रीच येतात. हातात लहानसा स्टीलचा डबा, वर माहेरचं नाव कोरलेला.

"मावशी, पाव किलो द्या. जरा लौकर."

"पाव? तुमच्याकडं दीड किलो लागतं की गं."

ती नखानं डब्यावरचं नाव खरवडत राहिली. तिचा नवरा राज ओझरला विमानाच्या कारखान्यात. पहाटेच्या पाळीला डबा लागायचा, आणि लंकाबाईच्या, म्हणजे सासूच्या चुलीवर पहाटे हात लावायची कुणाला सोय नव्हती. तिच्या पदराला रॉकेलचा वास होता. मी समजले. मागच्या धान्याच्या खोलीत स्टोव्ह आला होता.

मी पाव किलोत नळीचा एक तुकडा जास्त टाकला. दुसऱ्या दिवशी पुढच्या दारानं लंकाबाई आली, मोठा डबा घेऊन.

"सव्वा किलो दे गं नवसाबाई."

"लंकाक्का, दीड न्यायच्या तुम्ही."

"आता वय झालं. खातंय कोण एवढं!" असं म्हणून तिनं दुसरीकडं बघितलं.

सव्वा आणि पाव, दीड. हिशेब बरोबर होता. मी कुणाला बोलले नाही. खाटीक बोलायला लागला तर गावात लग्नं मोडतील.

आखाड लागला. पावसानं नदी भरली, टोमॅटोची रोपं वाफ्यात पिवळी पडली, आणि मारुतीच्या पारावर गावबोकडाची बैठक बसली. पारावर बायांनी बसायचं नाही म्हणून मी खाली पायरीशी उभी राहिले, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन. यादव शेजारी, काठीला टेकून.

गोटीरामनंच सुरुवात केली. "माझं काय वाकडं म्हणणं नाय, अण्णा. पण यादवभाऊचा हात हा असा. मी काय म्हणतो, देवीला एक कोंबडा दाखवू आन् गावाला ब्रॉयलर. चुलीमागं एक किलो, काट्यावर, पिशवीत भरून. ना चिखल, ना पाल्यावर बसायचं. धा मिनिटांत गाव घरी."

दोनचार माना हलल्या. चिखल फार होता.

मी म्हटलं, "गोटीभाऊ, तुझ्या कोंबडीला महिना कोणता ते तरी ठावं असतं का? चाळीस दिवसांचं लेकरू ते. तिनं ना पाऊस बघितला ना थंडी. आखाडात खा नायतर माघात खा, चव एकच, तुझ्या मसाल्याच्या पुडीची."

लोक हसले. गोटीरामही हसला. "पण शिजती लौकर, वहिनी."

"मढंबी लौकर जळतं, म्हणून घाई करतोय का कुणी?"

मागनं कुणीतरी म्हातारा खाकरला. "ते सोडा. बाई देवीफुडं सुरी धरणार? कुठं ऐकलंय का असं? गावाला पाप लागंल."

"देवी कोण हाय?" मी विचारलं. "बाईच ना? का तिचा बाप्या झाला? आन् तिच्या हातात काय हाय ते जाऊन बघा देवळात."

मरीआई म्हणजे शेंदराचा गोटा. तिला हातच नाहीत. पण त्या वेळी कुणालाच ते आठवलं नाही.

अण्णा इतका वेळ जमिनीकडं बघत होते. आता त्यांनी मान वर केली.

"सुरीचं म्हणशील तर यादवनं हात लावावा. डावा तर डावा. पर सुरी सोपी हाय, नवसाबाई. वाटे अवघड. यादवच्या वाट्याला गावानं कधी नाव ठेवलं नाय. तुझा एक वाटा कमी निघाला, नायतर एक जास्त निघाला, तर फुडल्या साली गोटीराम. मान्य हाय?"

"मान्य हाय," मी म्हटलं.

घरी येताना यादव म्हणाला, "लय बोलली."

"तू कमी बोलतो ना, मग कुणीतरी भरपाई करायला पाहिजे."

तो हसला. उजव्या बाजूचं तोंड अजून नीट हसत नव्हतं, डावीकडंच हसला.

सोमवारी दुपारी पाऊस उघडला. मी नदीकडच्या माळावर जाऊन पळसाची पानं आणली. मोठी, रुंद, शेळीच्या कानासारखी लोंबणारी. पडवीत बसून पुसायला घेतली.

यादव म्हणाला, "योगेशकडून यादी आणली का?" योगेश म्हणजे अण्णांचा थोरला, यादी तोच लिहितो आणि पाठमोरा तोच बसतो.

"यादी कशाला? मला गाव पाठ हाय."

माझी चूक झाली ती इथं. मी वेशीपासून मनात चालायला सुरुवात केली. पान पुसायचं आणि डबा आठवायचा. भागुबाईचा पितळी डबा, पान. कुंभाराचा झाकण नसलेला, पान. वत्सलाबाईची किटली, तीत मटण नेणारी जगात तीच एक, पान. मी घरं मोजत नव्हते. वर्षभर ओंडक्यापुढं आलेले डबे मोजत होते. अण्णांच्या आळीत आले. लंकाबाईचा मोठा डबा, पान. साधनाचा लहान डबा तर माझ्या फळीवरच होता. आदल्या आठवड्यात घाईनं पिशवीत मटण घेऊन गेली आणि डबा राहिला. तो डोळ्यांसमोरच होता. पान.

"झाली का त्रेसष्ट?" यादवनं विचारलं.

"झाली," मी म्हटलं, आणि जुडी बांधली. आकडा घातलाच नाही. पाठ असलेलं कोण मोजतं?

मंगळवारी सकाळी देवळापुढं पाला अंथरला. भगतानं तिन्ही बोकडांवर पाणी शिंपडलं. पहिल्यानं अंग झाडलं, म्हणजे देवीनं घेतला. दुसऱ्यानंही झाडलं. तिसरा झाडेना. सगळे बघत उभे. भगत माझ्याकडं बघायला लागला, जणू मीच त्याला धरून ठेवला होता. मग यादव लंगडत पुढं गेला आणि बोकडाच्या कानात फुंकर मारली. झाडलं. देवीचीसुद्धा थोडी मशागत करावी लागते.

सुरी मी धरली. यादवनं डावा हात माझ्या मुठीवर ठेवला. हलका होता, नुसता ठेवलेला. जोर माझाच होता हे आम्हा दोघांना माहीत. पण तो हात तिथं होता म्हणून सुरी सरळ गेली. तीन वेळा तसंच. रगतीचं पातेलं भरलं. बघायला आलेली पोरं मागं सरली.

मग चार तास मी उठले नाही. कातडं सोलणं, आतडी काढणं, वजडी धुवायला पाठवणं, सांधे सोडवणं. हाडाशी भांडायचं नाही. पावसाची सर आली, कुणीतरी माझ्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरला. वर बघितलं तर गोटीराम. "बरं कापती, वहिनी," तो हळूच म्हणाला. धंद्याच्या जागी धंदा, पण माणूस धंदा जाणणारा.

पानं मांडली. आठ आठच्या रांगा. फेरी घालत गेले, आधी रान, मग छाती, मग नळी. कलेजी सगळ्यात शेवटी, कारण लोकांचे डोळे कलेजीवर. शेवटचा चरबीचा तुकडा शेवटच्या पानावर पडला आणि हात रिकामा झाला. ना उरलं, ना पुरवावं लागलं. मी पाठ सरळ केली. यादव काठीवर हनुवटी टेकून बघत होता. त्यानं मान हलवली. बावीस वर्षांत त्यानं मला दिलेलं सगळ्यात मोठं पदक ते.

योगेश पाठमोरा बसला. मी पानाला हात लावला.

"हा कुणाचा?"

"भागुबाई."

"हा कुणाचा?"

"कुंभार."

नाव येत होतं, पान उचललं जात होतं. कुणी वाटा खालीवर करून बघितला नाही. कुंभाराच्या म्हाताऱ्यानं तर पान उचलून डोक्याला लावलं. लंकाबाईनं अण्णांच्या घराचं पान घेतलं. योगेश शेवटची नावं घ्यायला लागला, आणि मी बघितलं, त्याच्या कागदावरची बोटं तळाला आली होती.

"हा कुणाचा?"

"वत्सलाबाई." वत्सलाबाईनं किटली पुढं केली. योगेशनं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

माझ्यापुढं एक पान होतं.

माझा हात सवयीनं त्याला लागलाच. "हा कुणाचा?"

योगेश वळला नाही. "संपली यादी."

"एक राहिलाय."

"त्रेसष्ट वाचली मी. दोनदा खुणा केल्यात."

लोक परत फिरायला लागले होते ते थांबले. कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "बाईला मोजता येत नाय." दुसरा म्हणाला, "गोटीराम, तुझा काटा पूस रे." हसण्याची एक लाट आली. तो खाकरणारा म्हातारा म्हणाला, "आरं हसता काय? कुणाची चूल राह्यली का ते बघा आधी. कुणाची राह्यली?"

मी पुन्हा वेशीपासून चालले. किटलीपर्यंत आले. अण्णांच्या आळीत आले. आणि फळीवरचा लहान डबा दिसला.

साधना बायांच्या घोळक्यात उभी होती. तिनं पदर असा ओढून घेतला की चेहराच गेला. लंकाबाईच्या हातातलं पान वाकडं झालं, कच्च्या मटणातून पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. योगेशची पाठ अजून आमच्याकडंच होती, पण मान लाल झाली होती. मी अण्णांकडं बघितलं. ते पानाकडं बघत होते. मग सुनेकडं. मग माझ्याकडं. त्या म्हाताऱ्या माणसाचा ओठ हलत होता. ज्यानं सगळ्या गावाला एका ताटात जेवायला लावलं, तो कबूल करायला पुढं होणार होता, का ओरडणार होता, ते मला कळलं नाही. ते डोळ्यांनी मला विनवत होते, हे मात्र कळलं.

चुकले म्हणावं, तर ओंडका गेला. यादवचा डावा हात, माझं मनगट, सगळं त्या एका पानावरून फाट्यावर जाणार. खरं सांगावं, तर मी बरोबर आणि माझे वाटे बरोबर. गाव तोंडात बोट घालेल. दोन शब्दांचं काम. पण खाटीक बोलायला लागला तर—

सांधा शोध, सांधा.

"चुकले नाय मी," मी म्हटलं. "हा खाटकाच्या चुलीचा."

 मग गलका झाला.

"खाटकाला मुंडी-कातडं असतं!"

"वर वाटाबी? उद्या म्हणशील देवळाचा कळस दे!"

"मुंडी-कातडं मजुरी हाय," मी म्हटलं.  "सुरी चालवली, त्याची मजुरी. वाटा मजुरी नसतो. वाटा गावचा माणूस म्हणून मिळतो. भगताला देवीचं पान असतं, वर चुलीचा वाटाबी असतो. कुंभाराला हाय. आमच्या किती पिढ्या तुमची पानं मांडत आल्या, आमचं पान कुणी मांडलं? का आमच्या घरात चूल नाय? धूर दिसत नाय का कुणाला? यंदा पानं मी पुसली. आमच्या चुलीचं पान मी मांडलं. ते चुकलं असंल, तर कसं चुकलं ते सांगा."

बोलायला लागले तेव्हा ते अण्णांना झाकायला घेतलेलं पांघरूण होतं. बोलता बोलता मलाच कळलं की ते खरं आहे, आणि माझ्या सासूनं, तिच्या सासूनं ते गिळलेलं आहे. यादव काठीवरून ताठ झाला होता. इतकी वर्षं तोही वाटे घालून मुंडी घेऊन घरी येत होता, आणि आम्ही ती चवीनं खात होतो.

"गावाला इचारलं का पण आधी?" म्हातारा म्हणाला.

"इचारायचं राह्यलं," मी म्हटलं. "तेवढी चूक कबूल."

गोटीराम डोकं खाजवत होता. "अण्णा, एक सांगू का? माझा काटा असता तर एवढे सारखे वाटे पडले नसते. मी बघितलंय जवळनं." कुणी विचारलं नव्हतं त्याला.

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.  "योगेश, कागद काढ."

योगेश वळला. त्याचे डोळे ओले होते की पावसाचं पाणी, माहीत नाही.

"लिही. चौसष्ट. खाटकाची चूल." मग गावाकडं वळून, "फुडल्या साली नवसाबाईच वाटे घालंल. आता घरी जा रं. मटण पाणी सोडाय लागलं."

घरी आल्यावर यादवनं मुंडी जाळावर धरली, डाव्या हातानं फिरवत भाजली. मी वाटा समोर ठेवून बसले. आमच्या चुलीचा म्हणून घेतला होता. तो आमच्या चुलीवर चढायला हवा. नळीचा तुकडा आणि थोडं रान मी आमच्या पातेल्यात टाकलं. बाकीचं फळीवरच्या लहान डब्यात भरलं. दिवस मावळायच्या आत अण्णांच्या घरामागं गेले. साधनानं धान्याच्या खोलीचं दार उघडलं, डबा घेतला आणि माझा हात धरून तशीच उभी राहिली. आत स्टोव्ह भणभणत होता. तिला एक सांगायचं ठरवून गेले होते, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान धूत होते. आखाडाचे दोनच दिवस राहिले होते. मग श्रावणभर आकडे उतरायचे, सुऱ्यांना तेल लावून फडक्यात गुंडाळायचं आणि मी टोमॅटोच्या बांधणीला जायचं. पडवीत सावली पडली. धोंडीराम अण्णा. आमच्या दारात ते कधी आले नव्हते. लागेल ते बायका नेत. हातात तो लहान डबा. ना पिशवीत, ना फडक्यात, भर गल्लीतून आणलेला.

"भांडं रिकामं पाठवायचं नसतं म्हणून आणलं," ते म्हणाले आणि ओंडक्यावर ठेवला.

यादवनं झाकण काढलं. मटणाचा रस्सा, वर भाकरीची चतकोर.

"धाकट्या सुनंच्या चुलीवरचं हाय," अण्णा म्हणाले. ते शब्द त्यांनी एकेक करून, मोठे खडे पायरीवर ठेवावेत तसे ठेवले. गल्लीतून भागुबाई चालली होती, ती थांबली. अण्णांनी आवाज कमी केला नाही. "रात्री मी तिथंच जेवलो."

यादवनं बोट बुडवून चाखलं. तोंड वाकडं केलं, तेही डावीकडंच. "पाणी घातलंय, अण्णा. लय पाणी घातलंय."

"मलाबी पातळच लागलं. पर बोललो नाय."

मी म्हटलं, "आखाडातल्या बोकडाला पाणी घालत नसतात. तिला सांगा."

"मी कशाला सांगू? मला काय कळतंय त्यातलं." ते जायला निघाले, पडवीच्या खांबाशी थांबले. "श्रावण सरला की ती यील मटणाला. तूच सांग."

"बरं."

"फुडच्या दारानं यील," अण्णा म्हणाले, आणि चिखल चुकवत, धोतर सावरत निघून गेले.